चि. मनूस, झुकिनीच्या पाकिटांबरोबर

इंदूर,
८ फेब्रुवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बाबा उद्या रात्रीच्या बसनं निघतायत. त्यांच्याबरोबर थर्माकोलचा डबा देतेय, त्यात झुकिनीची २१ पाकिटं आहेत. फोनवर सांगायला गेलं की तू ऑफिसच्या गडबडीत असतेस आणि "हो आई, कळलं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून सगळं नीट लिहून देतेय.

आधी मागच्या वर्षीचं बोलते, कारण ते माझ्या मनात राहिलंय. तू निघायच्या दिवशी मी घाईघाईत कच्च्याच चकत्या केल्या, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकल्या आणि संध्याकाळी तुझ्या बॅगेत कोंबल्या. दोन महिन्यांनी तू पिशवी उघडलीस तर सगळ्याचा एक गोळा झालेला, कढईत नुसतं पाणी, आणि वासही बिघडलेला. ते टाकून दिल्याचं सांगताना तुझा आवाज एवढासा झाला होता. मनू, चूक तुझी नव्हती, माझी होती. चोइथराम मंडीतून बटल्याचं पोतं आलं की आपण अंगणात उन्हात बसून सोलतो, उकळत्या पाण्यातून काढतो, मगच फ्रीझरमध्ये ठेवतो. तू पाच वर्षांची असल्यापासून हे बघत आलीस. (तुमच्या पुण्यात मटार म्हणतात, मला अजून बटलाच तोंडात येतो.) मग झुकिनीला तेवढे कष्ट का घेतले नाहीत? नवी भाजी, कशीही चालेल, असं मी धरून चालले.

यंदा आधी समजून घेतलं. भाजी तोडली तरी तिच्या आतली एन्झाइमं, म्हणजे तिला पिकवणारी द्रव्यं, काम करतच राहतात. फ्रीझरच्या थंडीनं ती मंदावतात, पण थांबत नाहीत, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत रंग, चव, वास उतरतो. उकळत्या पाण्याचा चटका बसला की ती थांबतात. दुसरं म्हणजे झुकिनीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते गोठताना बर्फाचे टोकदार कण होतात आणि भाजीचा गर आतून फाटतो. म्हणून कितीही नीट केलं तरी गोठवलेली झुकिनी ताजीसारखी करकरीत कधीच राहणार नाही. तिची कोशिंबीर करायला जाऊ नकोस.

यंदा एवढी आली कशी, तेही सांगते. बाबांनी दिवाळीनंतर लगेच मागच्या वाफ्यात सहा रोपं लावली. सुरुवातीची फळं बोटाएवढी व्हायची आणि टोकाकडून पिवळी पडून गळायची. बाबा फार खट्टू झाले होते. मग कळलं की नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादीच्या मागे इवलीशी झुकिनी असते, नराचा नुसता लांब देठ. सकाळच्या गारठ्यात मधमाश्या फिरकत नव्हत्या आणि ऊन चढेपर्यंत फुलं मिटायची. तेव्हापासून बाबा रोज सातला स्वेटर, कानटोपी घालून वाफ्यात. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. बोटं परागकणांनी पिवळी झालेली असायची, तसेच चहाला यायचे. जानेवारीच्या मध्यापासून दर दोन दिवसांनी आठ-नऊ फळं निघायला लागली. शेजारच्या भाभी पहिल्यांदा "ये तो विदेशी गिलकी है" (गिलकी म्हणजे आपलं घोसाळं) म्हणून हौसेनं घेऊन गेल्या. चौथ्यांदा दिली तेव्हा मात्र म्हणाल्या, "दीदी, अब रहने दो." बरोबरच आहे, रोज कोण खाईल. पण बाबांनी हातानं धरवलेलं फळ कचऱ्याच्या गाडीत टाकायला माझा हात होईना.

तर आता पाकिटांचं. दोन प्रकारची आहेत. निळ्या दोऱ्यानं बांधलेली ९ चकत्यांची आणि लाल दोऱ्याची १२ किसाची.

चकत्यांसाठी वीतभर लांबीची कोवळी फळंच घेतली, सालासकट. तोडली त्याच दिवशी केली. अर्ध्या इंचाच्या चकत्या, चार लिटर उकळत्या पाण्यात एका वेळी अर्धाच किलो. जास्त टाकल्या तर पाणी निवतं आणि भाजी शिजून लगदा होते. पुन्हा उकळी आली की घड्याळ लावून तीन मिनिटं, मग थेट बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ. नंतर सुती पंच्यावर पसरून अगदी कोरड्या केल्या. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळं तिच्यावरच आहे. ओल्या राहिल्या की एकमेकींना चिकटतात. ताटात सुट्या मांडून आधी कडक केल्या आणि मग पिशवीत भरल्या. म्हणून बघ, पाकीट हलवलंस तर खडखड वाजेल. हव्या तेवढ्या काढून बाकीचं लगेच परत ठेव. आमटीत किंवा सांबारात शेवटी घाल, बर्फातून थेट. आधी वितळू द्यायच्या नाहीत.

किसाला मोठी फळंही चालली. उभं चिरून, मधला भुसभुशीत गर आणि जून बिया चमच्यानं खरवडून टाकल्या. किस पाण्यात उकळला तर हाती काय राहणार? म्हणून मोदकपात्र काढलं. चाळणीवर पातळ थर, दीड-दोन मिनिटं वाफ, किस पारदर्शक दिसायला लागला की लगेच खाली. गार करून एक वाटी किस एका पाकिटात, दाबून चपटा केला आणि हवा काढून टाकली. एक वाटी अशासाठी की तू एकटी आहेस, तुझ्या दोन थालीपिठांना तेवढा पुरतो. किलोची पिशवी देऊन तुला काय करायचीय?

किस वापरताना रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, सकाळी मुठीत घट्ट पिळ. निघालेलं पाणी फेकू नकोस, त्यातच भाजणी भिजव. थालीपिठात तो सगळ्यात छान लागतो, त्याच्या खालोखाल झुणक्यात. धिरड्यालाही चालेल. भुट्ट्याच्या किसात मिसळून बघितला होता, मला नाही आवडला. भुट्ट्याची गोडी पातळ होते. तो आपला नुसता भुट्ट्याचाच करावा.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेव. झुकिनी ही दुधी-काकडीच्याच कुळातली. आजी दुधी चिरण्याआधी एक तुकडा जिभेवर ठेवून बघायची, आठवतंय? मी प्रत्येक फळाचा असाच तुकडा चाखूनच पुढे घेतलंय. पुण्यात तू बाजारातून आणलीस तर तूही चाख. कडू लागली तर थुंकून टाक आणि अख्खं फळ फेकून दे. तो कडूपणा विषारी असतो. शिजवून किंवा गोठवून जात नाही.

डबा पोचला की आधी उघड. पाकीट दगडासारखं असेल किंवा आत बर्फाची कचकच लागत असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. मऊ पडलं असेल पण अजून गार असेल तर फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपव, पुन्हा गोठवायचं नाही. मी सगळं रजईत गुंडाळून दिलंय, तेव्हा बहुतेक तशी वेळ येणार नाही.

आणि हो, एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेव आणि वाटी फ्रीझरच्या कोपऱ्यात राहू दे. तू चार दिवस गावाला गेलीस आणि मागे लाइट गेली, तर आल्यावर ती वाटी बघ. नाणं वरच असेल तर ठीक. बुडालेलं असेल तर सगळं एकदा वितळून पुन्हा गोठलंय असं समज आणि टाकून दे, माझा विचार करू नकोस. लाइट गेलेली असताना दार उघडू नकोस. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस टिकतो, अर्धा रिकामा असेल तर एकच.

प्रत्येक पाकिटावर तारीख घातलीय. जुनं आधी वापर. आठ-दहा महिने चांगलं राहतं, पण पावसाळ्यापर्यंत संपवलंस तर मला बरं वाटेल. बाहेरचं खाऊन तुझं पोट बिघडतं तेव्हा इथे मला झोप लागत नाही. रात्री नऊला घरी आल्यावर चिरायला, किसायला तुझ्यात त्राण राहत नाही, हे मला कळतं. तेवढं काम मी इथे बसून करू शकते, म्हणून केलंय.

बाबा तिथे तीन दिवस आहेत. तुला सांगणार नाहीत, पण त्यांना तुझ्या हातचं थालीपीठ खायचंय. लाल दोऱ्याचं एक पाकीट पहिल्याच रात्री खाली काढून ठेव. भाजणीची पिशवी डब्याशेजारी आहे, लोण्याची वाटी त्यांच्या हँडबॅगेत. रिकामा डबा आणि रजई त्यांच्याबरोबर परत पाठव.

तुझी,
आई