‘लिंगर’ पुन्हा एकदा ऐक

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू ‘द क्रॅनबेरीज’ या आयरिश बँडच्या ‘लिंगर’ या गाण्याला रडगाणं म्हणालास आणि मी गप्प बसलो. पटलं म्हणून नव्हे. मला जे वाटतं ते तसं घाईघाईत सांगता आलं नसतं, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी ते लिहिणारी, गाणारी मुलगी बघ. आयर्लंडमधल्या लिमरिकजवळच्या बॅलिब्रिकनची, डोलोरेस ओरिअर्डन. वय १७. डिस्कोत एक मुलगा तिला नाचायला बोलावतो, आयुष्यातलं पहिलं खरं चुंबन देतो. पुढच्या वेळी तोच तिच्यासमोरून सरळ निघून जातो आणि तिच्या मैत्रिणीला नाचायला बोलावतो. घडलं एवढंच. १९९० मध्ये ‘द क्रॅनबेरीज’च्या पोरांना गायिका हवी होती, तेव्हा ही तिथे गेली. बँडचा गिटारवादक नोएल होगननं त्याच्या कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाची, कॅसेट तिच्या हातात दिली आणि आठवड्याभरात ती याच गाण्याचे शब्द घेऊन परत आली.

रडगाण्यात माणूस नशिबाला बोल लावतो. ही त्या मुलालाच विचारते, की हे असं लोंबकळत ठेवायलाच हवं का? तो आपल्याला बोटावर नाचवतोय हे तिला कळतं, त्याच्यापायी आपण वेडे झालो हेही ती कबूल करते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी इतकं स्वच्छ बोलायला धीर लागतो रे!

आणि ती सी कॉर्ड! गाणं डी मेजरमध्ये, म्हणजे डी हा सा धरला तर सी हा कोमल निषाद. तो आला की मला दर वेळी खमाज राग आठवतो. तिथेच गाण्याला तो ओलावा येतो. निर्माता स्टीफन स्ट्रीटनं व्हायोलिनं घेतली, पण तिच्या आवाजावर चढू दिली नाहीत.

१९९३ साली ब्रिटननं या गाण्याकडे आधी पाहिलंसुद्धा नाही. अमेरिकेत एमटीव्ही या संगीतवाहिनीनं त्याचा कृष्णधवल व्हिडिओ उचलला आणि गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग ब्रिटनलाही ते आवडलं!

१५ जानेवारी २०१८ ला डोलोरेसच्या जाण्याची बातमी आली. अवघी ४६ वर्षांची होती. त्या रात्री मी हेच गाणं लावून अंधारात बसलो होतो. तुला फोन करावासा वाटला, पण केला नाही.

आता एक कर. हेडफोन लाव आणि पहिल्या शब्दाच्या आधी ती जे नुसतं गुणगुणते, तेवढं मन लावून ऐक. मग काय वाटलं ते मला कळव. फोन नको, पत्रच लिही.

तुझाच,
जुना खोलीसोबती