प्रयोगांच्या तारखा महिनाभर आधी कळाव्यात
नाटकांच्या तिकिटांची ऑनलाइन विक्री वाढल्याचे वृत्त वाचले. आनंद झाला, पण बाहेरगावच्या प्रेक्षकाची अडचण त्याने सुटत नाही. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, प्रयोगाची जाहिरात मात्र बहुतेकदा जेमतेम आठवडाभर आधी येते. तोवर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची प्रतीक्षा यादी लांबलेली असते. गेल्या महिन्यात आम्ही सोलापूरहून मुंबईला नाटकासाठी गेलो. आईला कमी ऐकू येते, म्हणून पहिल्या पाच रांगांतली तिकिटे हवी होती. मिळाली बाल्कनीतली, शेवटून दुसरी रांग. नाटकभर ती माझ्या कानाशी ‘काय म्हणाला रे?’ विचारत होती. निर्मात्यांनी तारखा महिनाभर आधी जाहीर कराव्यात आणि विक्रीही त्याच दिवशी सुरू करावी.
– एक नाट्यप्रेमी, सोलापूर