राज्य माशाला फूटपट्टी कोण लावणार?

महोदय,

सप्टेंबर २०२३मध्ये रुपेरी पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. त्याच सुमारास शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. आमच्या मंडईत मात्र अजूनही तळहातात मावणाऱ्या पापलेटांचे वाटे लागतात आणि ‘कोवळं आहे, कुरकुरीत तळा’ म्हणून हातोहात खपतात.

दोष कोळणीला देऊ नये. लिलावात जे येतं तेच तिच्या पाटीत पडतं. तांडेलालाही, म्हणजे होडीच्या म्होरक्यालाही, सरसकट धोपटण्यात अर्थ नाही. पापलेटची पिल्लं वाढतात किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि प्रवाहात बांधून ठेवलेली पिशवीसारखी डोल जाळी लागतात तीही तिथेच. बोंबील-जवळ्याबरोबर ती आत शिरतात आणि जाळं वर ओढेपर्यंत मेलेली असतात. मेलेलं पिल्लू पाण्यात परत सोडून काय साधणार? म्हणजे आकाराचा नियम पाळायचा तर आधी जाळ्याचा आस, म्हणजे विणीतल्या भोकाचा आकार, पाहायला हवा. जाळं ओढत नेणाऱ्या ट्रॉलर नौकेच्या जाळ्याला मागच्या टोकाला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा, असा नियम आहे. तो कितीजण पाळतात, हे बंदरावर जाळी विणणाऱ्या कुणालाही विचारावं.

कायदा नाही असं नाही. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१मध्ये कडक झाला, दंड लाखांत गेले, कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले. जानेवारी २०२५पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले. एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या आणि परप्रांतीय नौका हेरायला ते ठीक आहेत, पण जाळ्याचा आस ड्रोनला दिसत नाही. त्यासाठी माणसानं धक्क्यावर उतरून हातात फूटपट्टी घ्यावी लागते, आणि खात्याकडे माणसंच अपुरी. पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलैची बंदी त्या मानाने नीट पाळली जाते, कारण होड्या किनाऱ्याला लागलेल्या सगळ्या गावाला दिसतात. (नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची जुनी रीत याहून शहाणी होती, पण तो वेगळा विषय.)

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या बंदरात लिलावाच्या जागी किमान आकाराचा फलक आणि मोजपट्टी असावी. महिन्याला किती जाळी तपासली, किती मासळी जप्त केली, दंड कुणाला झाला, याची यादी तिथेच लावावी. मासळी सोसायट्यांना तपासणीत सामील करून घ्यावं. मासळी संपली तर पहिली झळ त्यांनाच आहे. आणि हे सगळं फक्त बंदरावर नको. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत थाळीत अख्खं पापलेट देतात, ते केवढं असतं हे पाहायला अधिकाऱ्यांनी तिथेही एखादी चक्कर मारावी.

– एक मासेखाऊ वाचक, वसई