दहाच्या डोक्यावरचा आठ

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी वाशीत एकवीस वर्षं डीटीपी करते. प्रश्नपत्रिका हेच मुख्य काम. जानेवारीत माझी भाची दहावीच्या पूर्वपरीक्षेचा विज्ञानाचा पेपर घेऊन आली. काचेचा अपवर्तनांक १.५, तर काचेत प्रकाशाचा वेग किती, असा प्रश्न. निर्वातातला वेग छापला होता ३ × १०८ मी/से. दहाच्या डोक्यावरचा आठ, म्हणजे घातांक, खाली उतरून शेजारी बसलेला. गुणाकार केला तर ३२४. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे प्रकाश आवाजाच्याही मागे! पोरीला खरा वेग पाठ होता. तरी तिनं ३२४ ला १.५ नं भागून २१६ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. छापलेलं बरोबरच असतं, हे आपणच मुलांच्या मनावर ठसवलंय.

हे कसं होतं ते आम्हाला रोज दिसतं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलला की अक्षरं येतात, पण आठाचं वर बसणं हे नुसतं फॉरमॅटिंग. ते गळून पडतं. युनिकोडमध्ये इंग्रजी अंकांना तयार घातांक आहेत, देवनागरी अंकांना नाहीत. ऋणचिन्हाऐवजी संयोगचिन्ह टाकलं आणि ओळ तिथेच तुटली, तर उणे पाचाचा खालच्या ओळीत नुसता पाच होतो. वस्तुमानालाही ‘एम’, मीटरलाही ‘एम’. भौतिक राशीचं अक्षर तिरपं, एककाचं उभं हा जगभरचा संकेत. आमच्याकडे सरसकट उभं. आणि ‘अंतर भागिले काळ’ एकाखाली एक मांडलं की ‘काळ’ची शिरोरेषा अपूर्णांकाच्या रेघेला टेकते. ही अडचण आपल्या लिपीची. तिचं उत्तर बाहेरून आयतं येणार नाही.

साहेब, मराठी गणित-विज्ञानाच्या अक्षरजुळणीचे नियम ठरवून द्या. बालभारती आहे, खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांच्यासोबत चार शिक्षक आणि चार ऑपरेटर बसवा. खर्चाची सबब नको : संगणकतज्ज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली आणलेलं ‘टेक’ (TeX) हे सॉफ्टवेअर गणिताच्या जुळणीसाठी आजही फुकट मिळतं. आणि शेवटचं प्रूफ विषयशिक्षकांनी वाचून सही केल्याशिवाय कोणताही पेपर छापायला जाऊ नये, असा आदेश काढा. आज ते प्रूफ पुष्कळदा माझ्यासारखीच रात्री अकरा वाजता एकटी वाचते.

बोलावलंत तर गळलेल्या घातांकांच्या प्रुफांची फाइल घेऊन मंत्रालयात येईन.

आपली,
एक डीटीपी ऑपरेटर, वाशी, नवी मुंबई