साठ टक्क्यांच्या अटीत अडकलेली भरती

संपादक महोदय,

भरतीचा हंगाम आला की आयटी कंपन्यांकडून दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. आम्हाला कर्मचाऱ्यांत विविधता हवी आहे, मुली हव्यात, लहान गावांतली मुलं हवीत, ही एक. आणि विदर्भाच्या ग्रामीण भागातून तसे उमेदवार मिळतच नाहीत, ही दुसरी. पहिलीवर शंका घेण्याचं कारण नाही. दुसरी मात्र तपासायला हवी. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडचा उमेदवार मुलाखत घेणाऱ्यासमोर पोहोचण्याआधीच चाळणीत अडकलेला असतो, आणि ती चाळणी कंपनीनेच लावलेली असते.

बहुतेक भरती मोहिमांत (ड्राइव्हमध्ये) दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे किमान ६० टक्के, बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय नको, शिक्षणात एक-दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नको, असं लिहिलेलं असतं. हजारो अर्ज छाटायला ही अट सोयीची आहे, एवढाच तिचा गुण. दहावीचे गुण शाळेबद्दल बरंच काही सांगतात, पोराच्या कोडिंगबद्दल काहीच नाही. त्यातही २०२७ मध्ये अभियांत्रिकीतून बाहेर पडणारी तुकडी बघा. यातले बहुतेक जण २०२१ साली दहावी झालेले. त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला निम्मं वजन देऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यात ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. कुठल्या शाळेने हात सढळ ठेवला, कुठल्या शाळेने आखडता घेतला. त्याच गुणांवर आज ५९ टक्क्यांचा मुलगा बाहेर आणि ६१ टक्क्यांचा आत.

बॅकलॉगचंही तसंच. हिवाळी परीक्षा, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा हे सगळं आगंमागं येतं. ज्या घरात मजूर लावणं परवडत नाही, तिथली पोरं त्या दिवसांत वावरात असतात. पहिल्या वर्षी गणिताला एटीकेटी लागते, पुढे सुटते. रुजू होताना विषय राहिलेला नको, हे समजू शकतं. ‘कधीच राहिलेला नसावा’ ही अट कशासाठी?

त्याऐवजी शेवटच्या दोन वर्षांचे गुण बघा आणि कामाची चाचणी घ्या. तीस-चाळीस ओळींचा बिघडलेला प्रोग्राम द्यावा, चूक शोधायला सांगावी, ती का झाली हे चार ओळींत लिहायला सांगावं. पहिल्या फेरीत मराठीतून लिहिलं तरी चालवून घ्यावं. इंग्रजी सहा महिन्यांत सुधारते. चूक शोधण्याची नजर आहे की नाही, हे मात्र त्याच दिवशी कळतं. उच्चारांना गुण देणारी यांत्रिक इंग्रजी चाचणी कॉल सेंटरला ठीक आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जागेसाठी ती पहिल्याच फेरीत लावणं म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याला दारातूनच परत पाठवणं.

आता ऑनलाइन परीक्षा. ‘घरून द्या, कुठे यायची गरज नाही’ ही सवलत वाटते, पण गावात तीच अडचण ठरते. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं की परीक्षेवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर शेरा मारतं; दोन खोल्यांच्या घरात मागून आई जाणारच. लाइट गेली की वायफाय बंद, आणि चेहऱ्यावर उजेड नसल्याने ‘चेहरा आढळला नाही’ हा इशाराही येतो. मोबाइलवर परीक्षा चालत नाही आणि प्रत्येकाकडे लॅपटॉप नसतो. म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयाची लॅब हेच केंद्र धरावं. त्यासाठी लॅबनेही तयारी ठेवायला हवी. इंटरनेट घेताना सगळे डाउनलोडचा वेग विचारतात, या परीक्षेत अडतं ते अपलोडला, कारण प्रत्येक संगणक सतत चित्रीकरण वर पाठवत असतो. एका कॅमेऱ्याला अर्धा एमबीपीएस धरला तर ४० जणांना २० एमबीपीएस अपलोड लागतो. सिमकार्डावर चालणाऱ्या जोडणीला तो दुपारी मिळेलच असं नाही. फायबरची एक लाइन आणि दुसऱ्या कंपनीची एक राखीव ठेवावी. जनरेटर सुरू होऊन स्थिर होईपर्यंत यूपीएसने भार पेलायला हवा. जुन्या बॅटऱ्या नेमक्या तिथेच दगा देतात. आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर ब्राउझर, कॅमेरा आणि माइकची परवानगी तपासावी. कंपन्यांनी एवढंच करावं: वीज गेल्याने परीक्षा तुटली तर ती अपात्रता न मानता त्याच आठवड्यात दुसरी वेळ द्यावी.

प्रत्यक्ष ड्राइव्ह नागपूरला सकाळी आठला ठेवला तर सिरोंचा किंवा एटापल्लीच्या मुलीला आदल्या दिवशीच निघावं लागतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण रात्री मुक्काम कुठे? अकराची वेळ आणि आठ दिवस आधी सूचना, यात कंपनीचा एक रुपयाही जात नाही.

निवड झाल्यावरही गळती थांबत नाही. कारण इतकं क्षुल्लक असतं की सांगितलं तर कोणाला पटत नाही: नाव. गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा, कधी वडिलांचं नावच नाही. एका कागदावर वानखडे, दुसऱ्यावर वानखेडे. पॅन आधारप्रमाणे निघतं, बँक खातं आणखी तिसऱ्याच पद्धतीने. पार्श्वभूमी पडताळणीत ही तफावत निघते, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक तयार होत नाही आणि रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते. उपाय महाविद्यालयांच्या हातात आहे. तिसऱ्या वर्षातच दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधी आधार, मग पॅन, मग बँक, याच क्रमाने नाव जुळवून घ्यावं. घाई करू नये, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. अंतिम वर्षात लग्न होणाऱ्या मुलींनी रुजू होईपर्यंत नाव बदलू नये, हेही स्पष्ट सांगावं.

मुलींबाबत आणखी एक. ‘घरचे सोडतील का, लग्न कधी’ हे प्रश्न मुलाखतीतून काढून टाकावेत. विचारायचंच तर कामाच्या पाळीबद्दल (शिफ्टबद्दल) विचारावं, आणि ते मुलांनाही. २०१७ च्या राज्य दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना काम देताना त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन बंधनकारक आहे. हे नियुक्तीपत्रात लिहिलेलं असलं की वडिलांची निम्मी शंका फिटते. उरलेली निम्मी पैशांची असते: पुण्यात खोलीची अनामत, महिन्याचं भाडं, मेस, आणि पगार मात्र महिनाअखेर. पहिले पंधरा दिवस राहण्याची सोय किंवा पगारातून हप्त्याने कापायची उचल दिली तर निवड होऊनही घरी थांबणाऱ्या मुली कमी होतील.

अपंग उमेदवारांचा तर विचारच होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील नियमांप्रमाणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणं आवश्यक आहे. ते संकेतस्थळावर असतं. चाचणीत मात्र पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता न येणारे चित्रातले तक्ते असतात. लेखनिक लागणाऱ्यांना सरकारी लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. तेवढाच वेळ इथे द्यावा आणि गरज आहे का, हे नोंदणीच्या अर्जातच विचारावं.

नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पातल्या कंपन्यांना वेगळा मार्गही मोकळा आहे. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. हा कोटा नागपूरच्या नामांकित महाविद्यालयांतून भरण्याऐवजी आर्वी, दारव्हा, देसाईगंजच्या बीएस्सी, बीसीएच्या मुलांतून भरता येईल. वर्षभर काम पाहून मग घ्यायचं की नाही ते ठरवा. दहावीच्या टक्क्यांपेक्षा ते नक्कीच भरवशाचं. कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून होणारी भरती मात्र जपून करावी. तीत त्याच चार महाविद्यालयांचे मित्र येत राहतात.

शेवटी कंपन्यांकडे एक मागणी. ड्राइव्ह संपल्यावर महाविद्यालयाला फक्त निवड यादी पाठवू नका. अर्ज किती आले, अटीत किती गळाले, चाचणीत किती, मुलाखतीत किती, रुजू किती झाले, हे आकडे मुलगे-मुली आणि जिल्हा असे वेगळे करून पाठवा. एका पानाचा तक्ता पुरे. पुढच्या जुलैत आम्हाला इंग्रजी शिकवायची, लॅबची बॅटरी बदलायची की तुमच्याशी ६० टक्क्यांवरून भांडायचं, ते त्यावरून ठरवता येईल.

आपले,
ग्रामीण महाविद्यालयांतील काही प्रशिक्षण व नियुक्ती अधिकारी, जि. यवतमाळ