कुणबी साडीचे सूत आधी तोलून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कुणबी साडीला पुन्हा मागणी येऊ लागली आहे, हातमाग शिकायला बायका पुढे येत आहेत, याचा मनापासून आनंद आहे. पण माग सुरू झाला की ठरलेली तक्रार कानी येते: पावसाळ्यात ताणा (मागावरचे उभे धागे) तुटतो, गोव्याची दमट हवा विणकामाला मानवत नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी वाईट सुताला माफी मिळते.

कापसाचा धागा ओलावा प्याला की मजबूत होतो. सूतगिरण्यांत पाण्याचे तुषार सोडून हवा मुद्दाम दमट ठेवतात ती उगीच नव्हे. पावसात बिघडते ती धाग्यांना लावलेली खळ. तांदळाची पेज जाड लावली की ती चिकट होते, शेजारशेजारचे धागे एकमेकांना धरून बसतात आणि वही (उभे धागे उचलणारी मागाची चौकट) वर-खाली होताना त्यातला कमजोर धागा तुटतो. माग चार दिवस बंद राहिला तर त्याच खळीवर बुरशी चढते. चांगल्या दोनपदरी सुताला खळ नावालाच लागते.

कमजोर धागा मात्र गिरणीतूनच तसा येतो. आपण हातमागाच्या कापडाला सर्रास ‘खादी’ म्हणून मोकळे होतो. पण खादीचे सूत हाताने कातलेले असावे लागते, १९५६ च्या कायद्यात तशी व्याख्याच आहे. आपल्या मागांवरचे सूत बहुधा गिरणीचे, तेव्हा गिरणीत काय घडते ते घेणाऱ्याला ठाऊक हवे. कापूस पिंजून, कार्डिंगमधून, म्हणजे तंतू विंचरून मोकळे करणाऱ्या यंत्रातून, त्याचा पेळू (बिनपिळाची जाड वात) निघतो. ड्रॉ फ्रेमवर सहा-आठ पेळू एकत्र घालून तितकेच पट खेचतात, म्हणजे एकाचा जाड भाग दुसऱ्याच्या बारीक भागात जिरतो. मग सिंप्लेक्स यंत्रावर तो पेळू बारीक करतात, आणि शेवटी रिंग फ्रेमवर पीळ देतात. कापसात आखूड तंतू जास्त असले तर खेचताना ते रुळांच्या मधल्या जागेत कोणाच्याच ताब्यात राहत नाहीत, पुंजक्याने पुढे सरकतात. सुतात जाड-बारीक जागा पडतात त्या इथे. कोंबिंग केलेल्या सुतात असे आखूड तंतू विंचरून काढलेले असतात. ते महाग पडते, पण ताण्याला तेच घ्यावे. रिंगवर धावणारा पोलादी ट्रॅव्हलर (धागा ओवलेली छोटी कडी) झिजला असेल तर धागा केसाळ होतो, आणि ते केस मागाच्या फणीत गुंततात. ४८ इंच पन्हा आणि इंचाला ६० धागे म्हटले तर ताण्यात २,८८० धागे. शंभरात एक वाईट निघाला तरी बाई दिवसभर गाठीच मारत बसणार.

सूत घेताना भाव किलोचा विचारतात, नंबर कोणी तपासत नाही. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी, तितका सुताचा नंबर. दोन-चाळीस म्हणजे चाळीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, हिशेबाला २० नंबर. त्याची एक लड सुमारे २२.७ ग्रॅम भरली पाहिजे, दहा लडी २२७ ग्रॅम. पावसाळ्यात ओलाव्याने २३४ भरल्या तरी हरकत नाही. (कापसात ८.५ टक्के ओलावा व्यापारात धरलेलाच असतो, हवा दमट झाली की तो वाढतो.) पण २५० भरल्या तर ते सूत दोन-छत्तीसच्या आसपासचे आहे. किलोमागे साधारण ३३,९०० मीटर मिळायला हवे तिथे ३०,५०० मिळतात आणि साडीचे गणित चुकते. लडीचा घेर ५४ इंच आणि फेरे ५६० असावेत. वजन कमी भरले तर एखादी लड उलगडून फेरे मोजावेत.

पीळ पाहायला यंत्र नसले तरी चालते. मीटरभर धागा दोन हातांत ताणून धरावा आणि हात सावकाश जवळ आणावेत. धागा झोळीसारखा लोंबला तर पीळ बेताचा आहे. मध्येच स्वतःभोवती वेटोळे घेऊ लागला तर तो मागावर छळणार.

रंगाचे दुखणे वेगळे. पांढऱ्या चौकड्यांवर लाल उतरतो आणि दोष विणणारीला लागतो. रिॲक्टिव्ह रंग दिल्यावर लडी उकळत्या साबणाच्या पाण्यातून नीट काढल्या नाहीत तर धाग्याला न धरलेला रंग आतच राहतो. लाल आणि पांढऱ्या धाग्याची वेणी घालून अर्धा तास गरम साबणाच्या पाण्यात ठेवावी. पांढरा गुलाबी झाला तर लडी परत कराव्यात. रंगवायला लडच हवी, बाजारातल्या घट्ट कोनात (शंकूवर गुंडाळलेल्या सुतात) रंग आतवर सारखा शिरत नाही. गिरण्यांनी देशांतर्गत बाजाराच्या सुतातला ठरावीक वाटा लडीत बांधावा, असे बंधन हातमागासाठीच आहे. २०१९ मध्ये तो ४० वरून ३० टक्क्यांवर आला, तेव्हा लडीसाठी आग्रह धरणे आता जास्तच गरजेचे आहे.

गोव्यात कापसाची शेती नाही, सूत बाहेरूनच येणार. म्हणून प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात लडी मोजायचा रहाट, दशांश ग्रॅम दाखवणारा तराजू आणि पीळ मोजायचे साधे यंत्र शासनाने द्यावे. नव्या गाठोड्यातल्या दहा लडी तपासल्याशिवाय ताणा भरू नये, असा नियम करावा. आणि वर्षाचे सूत मृगापूर्वी घेऊन भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावे.

– एक वाचक, फोंडा