सेन्सर बदलण्याआधी कपलर बघा

संपादक महोदय,

एअर फिल्टर, स्पार्क प्लग किंवा ऑइल घरच्या घरी कसे बदलावे, याची कृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून छापून येते. ती वाचून लोक बॉनेट उघडायला लागले, हे चांगलेच झाले. पण काम आटोपून गाडी सुरू केली आणि चेक इंजिनचा दिवा विझलाच नाही, तर पुढे काय, हे त्या लेखांत सहसा नसते. मग गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर दोषाचा कोड येतो, त्यात ज्या सेन्सरचे नाव दिसेल तो नवा आणून बसवला जातो आणि दिवा पुन्हा पेटतो.

सेन्सर खराब झाला, असे कोड म्हणत नाही. त्या सर्किटमधून येणारा आकडा इंजिनच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीतल्या संगणकाला, पटत नाही, एवढेच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, तसाच कपलर (सेन्सरला वायर जोडणारा खटक्याचा जोड), त्यातल्या पिना, वायर, पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंगही आले. कालपर्यंत दिवा बंद होता आणि आज फक्त फिल्टर बदलला असेल, तर सेन्सरने नेमका आजचाच मुहूर्त साधला असे समजण्यापेक्षा, जिथे हात लागला ती जागा आधी तपासावी.

पी ०१०२ आणि पी ०११३ हे दोन कोड एकत्र आलेले बघा. पहिला हवेच्या प्रवाहाचा सिग्नल फार कमी असल्याचा, दुसरा आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सिग्नल फार जास्त असल्याचा. अनेक गाड्यांत हे दोन्ही सेन्सर एकाच कवचात असतात आणि त्यांना कपलरही एकच असतो. फिल्टरचे झाकण काढताना तो सोडला जातो आणि परत बसवताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबला जात नाही. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणीच्या आकड्यांत, हवेचे तापमान उणे ४० अंश दिसत असेल, तर सर्किट उघडे आहे. या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो. वायर सुटली की रोध अमर्याद होतो आणि कंट्रोल युनिटला वाटते, बाहेर कडाक्याची थंडी आहे.

कपलर नीट असूनही उणे ४० हटत नसेल, तर एक सोपी चाचणी आहे. ती फक्त दोन वायरच्या तापमान-सेन्सरसाठीच आहे, इतर कुठल्याही सेन्सरवर करू नये. कपलर काढून त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडाव्यात. स्क्रीनवरचा आकडा एकदम वरच्या टोकाला गेला, तर वायरिंग ठीक आहे आणि दोष सेन्सरचा आहे. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही, वायर शोधायची. कूलंटच्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरवरही मोजता येतो. बऱ्याच गाड्यांत तो २० अंशांना दोन ते तीन किलो-ओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. मात्र कूलंट नुकतेच बदलले असेल, तर आधी यंत्रणेत अडकलेली हवा काढावी. हवेच्या बुडबुड्यात राहिलेला सेन्सर चुकीचे तापमान दाखवतो.

पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड आला, की धुरातला ऑक्सिजन मोजणारा बिचारा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. त्याने तर खरे तेच कळवलेले असते. अशा वेळी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोल किती टक्के वाढवते किंवा घटवते तो आकडा, बघावा. आयडलिंगला तो अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर धरले की शून्याकडे येत असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते आहे: सैल क्लॅम्प, निघालेली व्हॅक्यूमची नळी, फिल्टरनंतरच्या होजला गेलेली चीर. काही इंजिनांत ऑइलचे झाकण किंवा डिपस्टिक अर्धवट बसलेली असली तरी हेच होते. याउलट फेऱ्या आणि भार वाढेल तसा ट्रिमही वाढत असेल, तर हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर मळलेला आहे किंवा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे. तेल लावलेल्या कापडी फिल्टरवर तेल जास्त झाले, की ते या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. ती तार त्याच कामासाठीच्या क्लीनरनेच धुवावी, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रेने किंवा कापसाच्या बोळ्याने नव्हे.

हवेच्या प्रवाहाऐवजी मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब मोजणाऱ्या गाड्यांत तपासणी आणखी सोपी. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल दिसायला हवेत. गरम इंजिन आयडलिंगला असताना साधारण ३० ते ४०.

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग चढलेले राहिले, तर ताबडतोब सेन्सरवर संशय घेऊ नये. मळलेल्या झडपेनुसार शिकलेली स्थिती कंट्रोल युनिटला नव्याने शिकवावी लागते; त्याची रीत गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मात्र घातक. कोडबरोबरच तो पडला त्या क्षणीचा वेग, तापमान, भार आणि ट्रिम यांची नोंद अनेक गाड्यांत पुसली जाते, म्हणजे पुरावाच गेला. आधी सगळे लिहून किंवा फोटो काढून ठेवावे. दिवा लुकलुकत असेल, तर गाडी चालवतच राहू नये. इंजिन जोरात मिसिंग करत असते, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल पेटायचे चुकते, आणि न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. प्लग बदलल्यानंतर असे झाले, तर इग्निशन कॉइलचे कपलर आणि प्लगची घट्टाई आधी बघावी.

अशा कृती छापताना ‘दिवा पेटला तर’ अशी एक चौकट सोबत द्यावी, ही विनंती. दुरुस्तीनंतर कोड पुसला म्हणजे काम झाले असे नाही, हेही त्यात असावे. तुटलेले सर्किट बहुधा लगेच पकडले जाते. मिश्रणाचा दोष मात्र अनेकदा गाडी दुसऱ्यांदा चालवल्यावरच दिवा पेटवतो. त्यामुळे थंड इंजिनापासून सुरुवात करून गाडी दोन-तीनदा चालवावी आणि स्कॅनरवर पेंडिंग कोडचा (दोष दिसला, पण दिवा अजून पेटला नाही अशा कोडचा) रकाना रिकामा आहे ना, ते बघावे.

आपला,
एक वाहन तंत्रज्ञ